नाकाला झोंबतं ते कुळ

सहा वाजता मी कागदाच्या पट्ट्या टांगते
काचेच्या टाकीत. बुडाशी बोटभर द्रावण,
झाकणाच्या कडेला व्हॅसलिन.
रात्रभर ते कागदावर चढेल, मुंगीपेक्षा सावकाश,
आणि पानातलं जे उचलता येईल ते
ज्याच्या त्याच्या उंचीवर सोडून देईल.

कुस्कोत पाणी लवकर उकळतं, बटाटा उशिरा शिजतो.
आम्हाला दोन्हीची सवय आहे.

उर्तेआगा सरांची कपाटं फुलांवरून लावलेली:
रानमोहरी तिसऱ्यात, चार पाकळ्यांचा क्रूस.
पपई खिडकीजवळ, एकटी, मेणचट फूल, देठात चीक.
माश्वा पार जिन्याखाली.
तिच्या फुलाला मागून शेपटीसारखा नळा,
म्हणून ती कुणाच्याच पंगतीत बसेना.

आई बाजारात माश्वा विकते.
पिवळे कंद, जांभळे ठिपके,
कच्चा चावला तर कपाळापर्यंत कळ जाते.
माश्वा खाल्ली की गडी थंडावतो, असं म्हणतात,
म्हणून पुरुष घेताना सांगतात, सासूसाठी हवी.
आई हसत नाही. वजन करते.

एकदा मी घरी पपईच्या बिया नेल्या,
किल्याबाम्बाच्या उष्ण दरीतल्या.
तिने एक दाताखाली फोडली, डोळे मिटले.
"ही माश्वाची कोण लागते?"
मी म्हटलं, तिखट तर रोकोतो मिरचीही असते.
"रोकोतो जिभेला चावते. कांदा डोळ्यांना.
ही नाकाला झोंबते.
कुठे लागतं ते बघ, मग घराणं विचार."

पानात दोन खोल्या असतात.
एकीत गंधकाचं कडवट द्रव्य,
दुसरीत त्याला फोडणारं विकर.
जन्मभर शेजार, पण भेट नाही.
दात लागला, भिंत पडली, की मग तो वास.
म्हणून मी पानं खुडल्या खुडल्या
उकळत्या अल्कोहोलात टाकते,
विकर मरावं, द्रव्य अखंड हाती यावं.
आईही माश्वा आधी उकळते.
तिला कुणी कारण विचारलेलं नाही.

सकाळी पट्ट्या वाळवल्या, रजताचा फवारा मारला.
पपई आणि बागेतला मास्तुएर्सो,
दोघांचे तपकिरी डाग एकाच उंचीवर,
एका खुंटीला टांगलेल्या दोन टोप्या.
माश्वाचा जरा हटून.
रानमोहरीचे विखुरलेले, पण वळण तेच.
सर बराच वेळ उभे राहिले, चष्मा पुसला, परत घातला.
"हर्मेलिंडा, किल्ल्या आण."

तीन दिवस आम्ही कपाटं हलवली.
एका जुन्या घडीतून मेलेला विंचू निघाला,
त्यालाही सरांनी तारीख लिहून ठेवलं.

मग पाऊस सरता सरता गॅबनहून पाकीट आलं.
एका जंगली झाडाची साल.
चुरगाळली, तर खोलीभर तोच वास.
डाग पपईच्याच उंचीवर, केसाचाही फरक नाही.
पण फुलाला पाकळ्याच नाहीत,
फळ वेगळं, लाकूड वेगळं,
वर कुठेच यांचा आजा-पणजा एक दिसेना.
सरांनी मला तीनदा करायला लावलं.
तीनदा तेच.

आईला सांगितलं. ती कंदांची माती पुसत होती.
"दोन दऱ्यांनी आपापली चिचा आंबवली.
झिंग सारखीच चढते. म्हणून सोयरीक झाली का?"
"मग माश्वा आणि पपईचं काय?
तीही अशीच निघाली तर?"
तिचा हात थांबला.
समोर एक बाई पिशवी उघडून उभी होती.
"किती देऊ?" आईने विचारलं, तिला.

ती साल अजून टेबलावर आहे, कपाटाविना.
रात्री कुलूप लावताना नाकाला झोंबते.
मी आणखी एक पट्टी कापते,
पेन्सिलीने तळाशी रेघ मारते,
नाव लिहायची जागा कोरी ठेवते.